कुमाऊंमधली कार्तिकी

दिवाळीचा फराळ संपला, पाहुणे आपापल्या घरी गेले आणि आम्ही पुण्याहून कुमाऊंला निघालो. मी, माझे यजमान, हिंगोलीला दिलेल्या माझ्या वन्सं आणि साठी-सत्तरी ओलांडलेली आणखी काही मंडळी. वन्सं एकोणऐंशीच्या. सहल मुद्दाम सावकाश आखलेली होती. दिवसाला एकच मोठं ठिकाण, जेवणानंतर तासभर आडवं व्हायची मुभा आणि भीमताल सोडलं तर प्रत्येक मुक्कामी दोन रात्री. उत्तराखंड म्हटलं की आपल्याकडे चारधामच डोळ्यांपुढे येतं. कुमाऊं हा त्याच राज्याचा पूर्वेकडचा भाग, पण आपली माणसं नैनिताल पाहून तिथूनच परततात. पुढे जायला हवं, आणि ते आपल्या वयात सहज जमतं. आमचा एकही मुक्काम 2,000 मीटरच्या वर नव्हता, त्यामुळे विरळ हवेचा त्रास कुणालाच झाला नाही. हृदयाचं किंवा दम्याचं दुखणं असेल तर तरीही डॉक्टरांना विचारूनच निघावं.

पहिला दिवस: काठगोदाम, भीमताल

दिल्लीहून सकाळच्या शताब्दीनं दुपारपर्यंत काठगोदाम. रेल्वेचे रूळ इथेच संपतात आणि स्टेशनाबाहेर पडलं की डोंगर सुरू. आमचे मार्गदर्शक फलाटावर उभेच होते. अल्मोड्याचे निवृत्त शिक्षक. त्यांना तिकडे सगळे ‘मास्साब’ म्हणतात, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर प्रत्येकाला गुडघे कसे आहेत ते विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

त्या दिवशी भीमतालला पोचून तळ्याकाठी चहा, एवढंच. घाट लागणाऱ्यांनी काठगोदामला पोटभर जेवू नये. आलेपाकाची वडी तोंडात ठेवावी आणि बसमध्ये पुढची जागा मागून घ्यावी. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती निघायच्या आधी घ्यायची. वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

दुसरा दिवस: अल्मोड्याच्या वाटेवर

कैंची धामला गर्दी फार होती. नीम करौली बाबांच्या आश्रमाला बसमधूनच नमस्कार करून पुढे निघालो. अल्मोड्याच्या अलीकडे क्वारबला डोंगर घसरतो आहे, तिथे वाहनं अडवून टप्प्याटप्प्यानं सोडत होते. तासाच्या वर गेला, पण तो तास मला आवडला. रस्त्याकडेला एक बाई पहाडी काकड्या घेऊन बसली होती. पिवळ्या पडलेल्या, आपल्या तवशांएवढ्या. त्यांच्या फोडी करून वर हिरवं मीठ. लसूण, मिरची, कोथिंबीर आणि मीठ पाट्यावर वाटलेलं. बाईंनी आमच्याकडून पैसे घेतले, पण वन्सं दात नाहीत म्हणून नको म्हणाल्या तेव्हा त्यांच्यासाठी आतला मऊ गर वेगळा काढून दिला आणि त्याचे पैसे काही केल्या घेईनात.

अल्मोडा म्हणजे डोंगराच्या पाठीवर वसलेलं गाव. चंद राजांनी सोळाव्या शतकात इथे राजधानी आणली. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात शोधणारे रोनाल्ड रॉस 1857 मध्ये इथेच जन्मले. विवेकानंद इथे येऊन राहिले. उदयशंकरांचं नृत्यकेंद्र याच गावात होतं आणि आपला गुरुदत्त तरुणपणी तिथे शिकायला होता. मास्साब हे सगळं चढाच्या वाटेवर सांगत. दर पन्नास पावलांवर काहीतरी सांगायचं म्हणून थांबत, आणि आम्हाला दम खायला मिळे.

तिसरा दिवस: तांबं, तांदूळ आणि लिंबू

सकाळी बाजार. दगडी फरसबंदीचा लांबच लांब रस्ता, त्यावर गाड्या येत नाहीत. दोन्ही बाजूंना जुनी घरं, काहींच्या खिडक्यांच्या चौकटी अजून कोरीव लाकडाच्या. बाजाराच्या पुढे टम्टा मोहल्ला. टम्टा म्हणजे तिथले तांब्याचे कारागीर. आमच्यात कसबा पेठेतले एक काका होते. तीन पिढ्या तांबट आळीत गेलेल्या, त्यांनी स्वतःही तरुणपणी वडिलांच्या हाताखाली काम केलेलं. गल्लीत शिरायच्या आधीच ते थांबले आणि म्हणाले, “आत गागरीवर काम चाललंय, पत्रा पातळ आहे.” नुसत्या आवाजावरून.

आत खरंच एक म्हातारे कारागीर गागरीच्या गळ्यावर ठोके घालत बसले होते. काकांना ना कुमाऊंनी येते, ना धड हिंदी. त्यांनी हात पुढे केला आणि कारागिरांनी त्यांच्याकडे पाहून हातोडी दिली. काकांनी गागर मांडीशी तिरकी धरली आणि मठारकाम सुरू केलं. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, तांब्यावर छोटे चकचकीत खड्डे उमटत गेले. कारागीर वाकून अंगठ्यानं एकेक ठोका चाचपत होते. एक ओळ पुरी झाल्यावर त्यांनी आत हाक मारून मुलाला बोलावलं आणि ती ओळ दाखवली. मुलगा हळदवानीत मोबाईलच्या दुकानात काम करतो, असं नंतर कळलं. यंत्रावरची तयार भांडी बाहेरून येतात, हाताच्या भांड्याला गिऱ्हाईक कमी. ही तक्रार दोन्हीकडची एकच निघाली. तिथून तांब्याचं काही घ्यायचं असेल तर सरळ मोहल्ल्यातूनच घ्या. वजनावर भाव होतो आणि पैसे कारागिराच्या हातात जातात.

दुपारी मास्साबांच्या ओळखीच्या एका घरी ऐपण शिकायला गेलो. गेरूनं सारवलेल्या लाल भुईवर तांदळाच्या ओल्या पिठानं काढायची ही रांगोळी. भिजवून वाटलेल्या तांदळाच्या त्या पाण्याला बिस्वार म्हणतात. आपली रांगोळी चिमटीतून सुटते, ही बोटाच्या टोकावरून ओघळते. घरच्या वहिनींनी उंबऱ्याच्या कडेवर अनामिकेनं थेंब टेकवून खाली ओघळू दिला. शेजारी दुसरी रेघ, मग तिसरी. ती वसुधारा. आम्हा सगळ्यांचे हात इतक्या वर्षांच्या रांगोळीनं तयार झालेले, तरी पहिली रेघ कुणाचीच सरळ आली नाही. पीठ किती पातळ हवं हे बोटालाच कळावं लागतं. मधोमध बिंदू दिल्याशिवाय ऐपण पुरं होत नाही, असं वहिनी म्हणाल्या.

मग गच्चीवर उन्हात बसवून त्यांनी लिंबू सानलं. पहाडी लिंबू मोसंब्यापेक्षाही मोठं असतं. त्याच्या फोडी सोलून कुस्करायच्या, त्यात मुळ्याचे तुकडे, दही, गूळ, हिरवी मिरची आणि भाजून वाटलेल्या भांगेच्या बिया. भांग म्हटल्यावर आमच्यातले दोघं मागे सरकले. पण या बियांना नशा नसते. तिळासारखा खमंग, किंचित तेलकट स्वाद असतो. मोठ्या परातीत हातानं कालवलेलं ते आंबटगोड, तिखट प्रकरण आम्ही कोवळ्या उन्हाला पाठ करून खाल्लं. हॉटेलात हे मागून मिळेलच असं नाही. थंडीत कुणाच्या घरी जायचा योग आला तर नक्की विचारा.

अल्मोड्याची बाल मिठाई सगळे आणतात: भाजून चॉकलेटी झालेला खवा, वर साखरेचे पांढरे दाणे. मला त्याहून सिंगोडी आवडली. मालूच्या पानाच्या शंकूत भरलेला मऊ खवा, पानाचा वास लागलेला. ती टिकत नाही, तिथेच खावी.

चौथा दिवस: चितई, जागेश्वर

अल्मोड्यापासून आठेक किलोमीटरवर चितईचं गोलू देवतेचं देऊळ. गोलू हा न्याय देणारा देव, पांढऱ्या घोड्यावर बसलेला. देवळाच्या वाटेवर, कमानींना, छताला सगळीकडे घंटा, हजारो असतील. बोटाएवढ्यापासून माणसाला उचलणार नाही अशापर्यंत. त्यांच्यामध्ये दोऱ्यांना बांधलेले अर्ज. साध्या वहीच्या कागदावर, काही चक्क स्टँपपेपरवर. जमिनीचा तंटा, नोकरी, सासरचा जाच. जिथे न्याय मिळाला नाही तिथून माणसं इथे येतात, आणि काम झालं की घंटा बांधतात. मी एकही अर्ज वाचला नाही. देवाला लिहिलेला असला तरी तो कुणाचा तरी खासगी कागद होता. पण अक्षरं दिसत होती: शाळकरी, थरथरती, एखादं टाइप केलेलं. शेजारी एक शेतकरी आपल्या म्हाताऱ्या आईला खांद्याला धरून उभा होता आणि ती स्वतःच्या हातानं घंटेची तार पिळत होती. तिला कुणी मदत केलेली चालेना.

दुपारनंतर जागेश्वर. अल्मोड्यापासून छत्तीसेक किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात दरी अरुंद होते, देवदार दाट होतात आणि जटागंगेच्या काठी एकदम दगडी शिखरं दिसू लागतात. लहानमोठी मिळून सव्वाशेच्या आसपास देवळं, काही माणसाच्या कमरेएवढी. सातव्या शतकापासून पुढे कत्युरी आणि चंद राजांच्या काळात बांधलेली.

वन्सं याच ठिकाणासाठी आल्या होत्या. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात ‘नागेशं दारुकावने’ आहे. ते नागेश म्हणजे आमचं औंढ्याचं, असं हिंगोलीकर मानतात. द्वारकेजवळचं, असं गुजराती मानतात. आणि इथली माणसं या देवदारांच्या बनाकडे बोट दाखवतात. विसोबा खेचरांनी नामदेवांना ज्या औंढ्यात शहाणं केलं, तिथे वन्सं दर श्रावणात जातात. निघताना त्यांनी औंढ्याचं बेलाचं पान पोथीत घालून आणलं होतं. पुजाऱ्यांनी विचारलं, माताजी, कुठून आलात? वन्संनी सांगितलं, “नागनाथाकडून.” पुजाऱ्यांनी पान हातात घेतलं, वाळलेलं होतं तरी जटागंगेच्या पाण्यानं धुतलं आणि पिंडीवर वाहिलं. कोणतं खरं हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

गाभाऱ्याचे दरवाजे ठेंगणे आहेत, वाकून जावं लागतं आणि आतली फरशी ओली असते. पाठीचं दुखणं असेल तर बाहेरूनच दर्शन घ्या. अनवाणी पाय दगडावर गारठतात म्हणून लोकरीचे जाड मोजे हवेतच. ऊन दरीत उशिरा येतं आणि लवकर जातं. सकाळी दहा ते दुपारी तीन ही आपल्या वयाला बरी वेळ.

पाचवा दिवस: एकादशी

त्या दिवशी कुठेच जायचं नव्हतं. आम्ही गावातल्या एका कुटुंबाकडे उतरलो होतो. आमची एकादशी, त्यांचीही. तिथे तिला हरिबोधिनी म्हणतात आणि बूढी दिवाळीही. घरच्या दीदींनी आमच्यासाठी आलू के गुटके केले. उकडलेल्या पहाडी बटाट्याच्या फोडी, तुपात जिरं आणि अख्ख्या लाल मिरच्या, सैंधव. हळद नाही. वन्संनी पिशवीतून साबुदाणा आणि दाण्याचं कूट काढलं. परक्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं कसं म्हणून त्या दारातच घुटमळल्या. दीदींनी पाट सरकवला आणि चुलीसमोरची जागा दिली. पंढरपुरात त्या वेळी काय चाललं असेल ते वन्सं खिचडी परतता परतता सांगत होत्या, मी हिंदीत सांगत होते आणि दीदी मधेच आपल्या सासूला कुमाऊंनीत सांगत होत्या.

संध्याकाळी दीदींनी सूप घेतलं. आतल्या बाजूला बिस्वारानं लक्ष्मी-नारायण काढले, पाठीवर भुइयां. भुइयां म्हणजे घरातली इडापिडा, दारिद्र्य. तिचं चित्र मुद्दाम वेडंवाकडं. पहाटे अजून अंधार असताना आवाजानं जाग आली. दीदी आणि त्यांच्या सासूबाई सूप उसाच्या कांड्यानं बडवत एकेका खोलीतून फिरत होत्या. कोपऱ्यातून, माळ्यावरून, गोठ्यातून, मग उंबऱ्याबाहेर. लक्ष्मीला ये म्हणायचं, भुइयांला नीघ म्हणायचं. आमची खोलीही त्यांनी सोडली नाही. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री अलक्ष्मीला बाहेर काढायची रीत काही घरांत अजून आहे, केरसुणी आणि सूप घेऊन. वन्संनी लहानपणी ती माहेरी पाहिलेली. त्या शाल गुंडाळून उठल्या, सासूबाईंच्या हातातला ऊस मागून घेतला आणि शेवटची खोली त्यांनी बडवली.

अशी पहाट कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेली नसते. जागेश्वर अल्मोड्याहून दोन तासांत पाहून परत नेणाऱ्या सहली पुष्कळ आहेत. ठरवताना एकच विचारा: रात्री मुक्काम गावात आहे का?

सहावा दिवस: कटारमल, कौसानी

वाटेत कटारमलचं सूर्यमंदिर. कत्युरींच्या काळातलं, मुख्य देवळाभोवती चव्वेचाळीस छोटी देवळं. त्याचे कोरीव लाकडी दरवाजे आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. गाडी उभी राहते तिथून थोडं चढावं लागतं. ज्यांना जमणार नव्हतं त्यांच्यासोबत मास्साबांनी चालकाला खाली चहाला बसवलं. कुणाला मागे राहिल्यासारखं वाटू दिलं नाही.

दुपारी सोमेश्वरच्या खोऱ्यात जेवण: मडुव्याची भाकरी, गहतची आमटी, भट्टाची चुडकाणी, राई वाटून घातलेली काकडीची कोशिंबीर. मडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ. आमच्यातल्या चिपळूणच्या मावशींनी पहिल्या घासालाच ओळखलं आणि कुळथाचं पिठलं कसं करतात ते त्या स्वयंपाक्याला सांगायला गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. भट्ट म्हणजे काळं सोयाबीन. ते आधी तेलात फुटेपर्यंत भाजतात, मग कढईत शिजवतात. मधुमेहींना हे जेवण मानवतं, पण राईची कोशिंबीर नाकात जाते, बेतानं घ्या.

कौसानीला पोचलो तेव्हा ढग होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्रिशूळ, नंदादेवी, पंचचुली ओळीनं उघडे. नंदादेवी 7,816 मीटर, त्रिशूळ 7,120. नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते म्हणून हा महिना निवडला होता. रात्री मात्र स्वेटरवर शाल आणि गरम पाण्याची पिशवी लागते.

गांधीजी 1929 च्या जूनमध्ये इथे राहिले आणि गीतेवरच्या ‘अनासक्तियोगा’ची प्रस्तावना त्यांनी इथेच लिहिली. त्या जागी आता अनासक्ती आश्रम आहे, संध्याकाळी प्रार्थना होते, आपण जाऊन बसू शकतो. कौसानीतच लक्ष्मी आश्रम आहे, मुलींची शाळा. कॅथरीन हाइलमन नावाची इंग्रज बाई भारतात आली, आपल्या वर्ध्याच्या सेवाग्रामला काही वर्षं राहिली, मलेरियानं बेजार झाली म्हणून डोंगरात आली आणि सरला बहन होऊन 1946 मध्ये तिनं हे काम उभं केलं. हिंदी कवी सुमित्रानंदन पंतांचं जन्मघरही गावातच आहे, खालच्या बाजाराजवळ. सूर्योदय पाहून लोक निघून जातात. या तीन जागांना एक दिवस द्यायलाच हवा.

सातवा दिवस: बैजनाथ आणि बागेश्वर

बैजनाथला गोमतीच्या काठी देवळं आणि काळ्या दगडातली पार्वतीची उभी मूर्ती. घाटाच्या पायऱ्यांवर माशांना फुटाणे घालत मंडळी रमली. पुढे बागेश्वर, गोमती आणि सरयूचा संगम. मास्साबांनी आम्हाला संगमावर उन्हात बसवलं आणि 1921 ची गोष्ट सांगितली. इंग्रज अधिकारी डोंगरात फिरत तेव्हा गावकऱ्यांना त्यांचं ओझं फुकट वाहावं लागे. ती कुली बेगार. कुणाची पाळी कधी, त्याची नोंदवही गावच्या प्रधानाकडे असे. 1921 च्या जानेवारीत, उत्तरायणीच्या जत्रेला हजारो माणसं इथे जमली. बद्रीदत्त पांडे पुढे होते. सरयूचं पाणी हातात घेऊन लोकांनी शपथ घेतली आणि त्या वह्या नदीत फेकल्या. “माझे आजोबा ओझं वाहायचे,” मास्साब म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत. शाळेत आम्ही चंपारण शिकलो, बारडोली शिकलो. बागेश्वर कुणी शिकवलं नाही, याचं मला तिथे बसून फार वाईट वाटलं.

परतीचा दिवस

कौसानीहून काठगोदाम हा मोठा पल्ला आहे, पहाटे निघा आणि रात्रीचीच गाडी धरा. रोख पैसे पुरेसे ठेवा. रोजची औषधं चार दिवस जास्तीची घ्या, कारण दरड पडली तर मुक्काम वाढतो. कमोड आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारून घ्या. काठी घरूनच न्या, सवयीची.

काठगोदामला चहा पिताना वन्संनी मास्साबांना उत्तरायणीचं विचारलं. ती आपलीच संक्रांत. त्या दिवशी मुलं गुळाच्या कणकेचे तळलेले घुघुते माळेत ओवून गळ्यात घालतात आणि कावळ्यांना हाका मारतात. बागेश्वर कौसानीपेक्षा खाली आहे, थंडी सोसेल, असं मास्साब म्हणाले. जत्रेच्या दिवसांत तिथे खोली मिळणं अवघड, तेव्हा मुक्काम कौसानीला करायचा आणि सकाळी उतरायचं, असं ठरलंय.